‘आत्मविश्वास कमी’ हा शेरा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू शिकवतेस त्या नर्सिंगच्या वर्गातली अल्पसंख्य समाजातून आलेली मुले लेखी परीक्षेत बरी असूनही वॉर्डमध्ये मागे पडतात, तेव्हा त्यांच्यासाठी जादा तास घ्यावेत का, असे तू विचारले आहेस. तास अवश्य घे. पण त्याआधी पंधरा दिवस एवढेच पाहा, की इंजेक्शन देण्याची किंवा ड्रेसिंग करण्याची संधी आधी कोणाला मिळते आणि ‘आत्मविश्वास कमी’ हा शेरा वारंवार कोणाच्या नावापुढे पडतो. हा शेरा मीही अनेक वर्षे लिहीत आले. आपली चूक झाली तर आपल्या सगळ्या समाजाला नावे ठेवली जातील या धास्तीने काही मुली गप्प राहतात, हे मला फार उशिरा कळले.

दुसरी गोष्ट आपल्या शिकवण्याची. दाबामुळे होणाऱ्या जखमेची पहिली खूण म्हणजे लाली, असे आपण सांगतो; पण गडद त्वचेवर ती सहज दिसत नाही, तिथे हात लावून ऊब, घट्टपणा आणि दुखरेपणा पाहावा लागतो. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटरही अशा त्वचेवर रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण वाढवून दाखवू शकतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमधील प्राणवायूची छुपी कमतरता गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा नजरेतून सुटल्याचे आढळले. ज्या मुलीने घरी हीच त्वचा पाहिली आहे, ती ‘आमच्याकडे हे कसे ओळखायचे?’ असे विचारू शकते. तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून टाळू नकोस, कारण रुग्णांमधली विषमता नेमकी तिथेच कमी होऊ शकते.

न्यूझीलंडमध्ये इरिहापेटी रॅम्सडेन या तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजातल्या परिचारिकेने मांडलेला सांस्कृतिक सुरक्षिततेचा विचार १९९२ पासून परिचर्या शिक्षणाचा भाग झाला. सेवा सुरक्षित होती की नाही, हे ती घेणाऱ्याने ठरवायचे, हा त्याचा गाभा. विद्यार्थ्यांनाही हीच कसोटी लाव आणि आपले शिकवणे त्यांना कसे वाटले हे त्यांनाच विचार. मात्र निकालाच्या आदल्या दिवशी नको, तेव्हा खरे कोणीच बोलत नाही.

आणखी एक. भाषा येते म्हणून एकाच मुलीला दर वेळी दुभाषी म्हणून बोलावणे थांबव. त्या वेळात इतर जण कौशल्ये शिकतात आणि ती फक्त निरोप पोहोचवत राहते. वॉर्ड सिस्टरशी हे आधी बोलून घे, नाहीतर नकार देण्याचे ओझे त्या मुलीवर पडेल.

पंधरा दिवसांची नोंदवही घेऊन ये, आपण मिळून वाचू.

तुझी,
जुनी शिक्षिका