अमेरिकेत एमएस करून लढाऊ विमानांच्या कंपनीत नोकरी मिळेल का?

प्रश्न: मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत एरोस्पेसमध्ये एमएस करून तिथल्या लढाऊ विमानांच्या कंपनीत लागायचं त्याच्या डोक्यात आहे. प्रवेश मिळालाय. घर तारण ठेवून कर्ज काढावं लागेल. एजंट म्हणतो, तीन वर्षं नोकरीची चिंता नाही. काढू का?
– एक पालक, नाशिक

उत्तर: बँकेत सही करण्याआधी मुलाला एक काम सांगा. ज्या कंपन्यांची नावं तो घेतो, त्यांच्या नोकरीच्या जाहिराती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावा. शिक्षण, अनुभव, सॉफ्टवेअर हे सगळं संपल्यावर तळाशी बहुतेक ठिकाणी एक अट असते: उमेदवार ‘यूएस पर्सन’ हवा. म्हणजे अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा तिथे रीतसर आश्रय मिळालेला निर्वासित. विद्यार्थी व्हिसावरचा मुलगा यात बसत नाही. पुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला तरी बसत नाही.

ही काही कंपनीची लहर नाही. १९७६च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्याखाली ‘आयटार’ नावाचे नियम आहेत. शस्त्रास्त्राचं तांत्रिक ड्रॉइंग परदेशी माणसाला दाखवलं की ती निर्यात धरली जाते. मग तो माणूस त्याच ऑफिसात शेजारच्या टेबलावर का बसलेला असेना. परवाना काढता येतो, पण फ्रेशरसाठी ती उठाठेव कोण करणार? रॉकेटंही याच नियमांत येतात. गोपनीय प्रकल्पावर काम करायला लागणारी सरकारी मंजुरी, म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्स, तर ग्रीन कार्डवरही मिळत नाही, नागरिकत्वच लागतं. आणि नोकरीवरच्या ग्रीन कार्डात एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने आपल्या लोकांची रांग किती लांब आहे, ते तिथल्या कुठल्याही नातेवाइकाला विचारा.

हे ऐकून पालक चिडतात, भेदभाव म्हणतात. मला ते पटत नाही. संरक्षणाचा पैसा घरच्याच माणसांच्या हाती राहावा, हा अमेरिकेचा जुना हट्ट आहे. १९४१पासूनच्या बेरी दुरुस्तीमुळे, म्हणजे संरक्षण खरेदीच्या नियमामुळे, सैनिकाच्या गणवेशाचा धागासुद्धा तिथलाच लागतो. आपल्या डीआरडीओची, म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची, शास्त्रज्ञपदाची जाहिरात तरी कुठे परदेशी नागरिकांसाठी असते?

एजंटची ‘तीन वर्षं’ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरची ओपीटी ही सवलत: १२ महिने, वर स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शाखांसाठी २४. ती काम करायची परवानगी आहे, नोकरी नव्हे. आयटारची अट त्या काळातही सुटत नाही.

अमेरिकेलाच जायचं असेल, तर मुलाने सीएफडी (हवा-पाण्याच्या प्रवाहाचं संगणकी गणित), कंपोझिट (मिश्र साहित्य), कंट्रोल्स (नियंत्रण यंत्रणा) असे विषय घ्यावेत. मोटारी, पवनचक्क्या, सिम्युलेशन सॉफ्टवेअर या क्षेत्रांतही ते चालतात. ज्या प्राध्यापकाच्या लॅबवर त्याचा डोळा आहे, त्यांना ईमेल करून विचारावं की प्रकल्प परदेशी विद्यार्थ्यांना खुला आहे का. संरक्षण खात्याच्या पैशावरच्या काही प्रकल्पांना हीच आडकाठी असते.

पण ओढ खरोखर लढाऊ विमानांची असेल, तर तुमच्या ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातूनच १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबई किंवा पुण्याजवळ गिरीनगरच्या डिआट या संरक्षण तंत्रज्ञान संस्थेत एमटेक करता येतं. डीआरडीओच्या ‘सायंटिस्ट बी’ या सुरुवातीच्या शास्त्रज्ञपदाच्या भरतीतही गेटचे गुण धरतात. स्पर्धा जीवघेणी आहे, कामाचा वेग सरकारी आहे, हेही त्याला सांगा.

एरोस्पेसऐवजी मेकॅनिकलच्या एमएसला प्रवेश बदलून मिळतो का, हे विद्यापीठाला आजच विचारा. उत्तर येईपर्यंत घराची कागदपत्रं बँकेत देऊ नका.