मानसशास्त्रीय मानववंशशास्त्र शिकायचंय? आधी जीन ब्रिग्स वाचा

संस्कृती आणि माणसाचं मन यांचं नातं तपासणारी ही विद्या. त्यासाठी फ्रॉइडचे जाडजूड ग्रंथ तूर्त बाजूला ठेवा. मानववंशशास्त्रज्ञ ब्रिग्सचं 'नेव्हर इन अँगर' (१९७०) हे पुस्तक घ्या.

१९६३ साली ही बाई कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये उत्कू इनुइट या तिथल्या मूळ रहिवासी लोकांत राहायला गेली. एका कुटुंबानं तिला मुलगी मानलं. तिथे मोठ्या माणसानं चिडणं म्हणजे निव्वळ पोरकटपणा. बाहेरून आलेल्या हौशी मासेमारांनी गावाची एक होडी मोडली आणि वर दुसरी मागितली, तेव्हा ब्रिग्स त्यांच्यावर भडकली. बाजू गावाचीच घेतली होती! तरी पुढचे जवळजवळ तीन महिने गावानं तिला लांब ठेवलं, तेही अगदी सभ्यपणे. हे सगळं तिनं लिहिलं, स्वतःची चिडचिडसुद्धा.

नवशिके इथेच चुकतात:

- फक्त 'त्यांच्या' भावना टिपतात. तुमचा राग, कंटाळाही वहीत तारखेनिशी हवा.
- दुभाष्यावर विसंबतात. ब्रिग्सनं पुढे त्या बोलीच्या शब्दकोशावरही काम केलं.
- दोन महिन्यांत 'हे लोक असेच' म्हणून मोकळे होतात.

सिद्धांतांचं नंतर बघू. सध्या एखाद्या ओळखीच्या घरी, त्यांना विचारून, आठवडाभर एवढंच लिहा: मूल रडलं की मोठी माणसं नेमकं काय करतात?