इंग्लंड नको, गोंबाक हो. पण एक वर्ष थांबून

प्रश्न असा आहे. खेड तालुक्यातले एक वाचक, वय २८, बी.ए. (उर्दू), बी.एड., विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिक्षक. पगार महिना २८,००० रुपये. सात वर्षांत ११ लाख साठवलेत. इस्लामी शिक्षण या विषयात परदेशात मास्टर्स करायचंय आणि नंतर दुबई-शारजाच्या शाळेत हाच विषय शिकवायचाय. दोन ठिकाणची पत्रं हातात आहेत. एक इंग्लंडचं, लंडनबाहेरच्या विद्यापीठाचं, एका वर्षाचं, शुल्क २४,००० पौंड. दुसरं मलेशियातल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठाचं (आयआययूएम, क्वालालंपूरजवळ गोंबाक), दोन वर्षांचं, ज्याचा एकूण खर्च त्यांनी १४ लाख धरलाय. वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त शिक्षक, घर तारण ठेवायला तयार. कुवेतमधला थोरला भाऊ ५ लाख कर्ज-ए-हसना (बिनव्याजी कर्ज) म्हणून देतो म्हणतोय. व्याजाचं कर्ज मनाला पटत नाही, पण 'शिक्षणासाठी घ्यायला हरकत नाही' असं नातेवाईक सांगताहेत. काय करावं?

व्याज घ्यावं-द्यावं की नाही, हा तुमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुम्ही तुमच्या आलिमांकडूनच (धर्मपंडितांकडूनच) घ्या. मी फक्त हिशेब मांडतो. हिशेब मांडल्यावर इंग्लंडच्या बाबतीत तो प्रश्न उरतच नाही, कारण ते कर्ज व्याजाकडे न पाहताही परवडणारं नाही.

पौंड १२० रुपये धरू. शुल्क २८.८ लाख. राहण्या-खाण्याला ब्रिटिश सरकार लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड धरतं. बारा महिन्यांचे झाले सुमारे १६.९ लाख. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि बारा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचा व्हिसा पुढे चार महिने चालतो म्हणून तो दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पौंड भरावा लागतो. व्हिसा शुल्क धरून हे दोन लाखांच्या वर जातं. तिकीट, क्षयरोगाची तपासणी, घराचं डिपॉझिट, थंडीचे कपडे यांना दीड लाख. एकूण ४९ लाखांच्या आसपास. तुमचे ११ लाख वजा केले तर ३८ लाख कर्ज.

साडेदहा टक्क्यांनी, शिक्षण आणि त्यानंतरचं सवलतीचं वर्ष अशा दोन वर्षांचं व्याज मुद्दलात चढल्यावर ते ४६ लाखांच्या घरात जातं. दहा वर्षांचा हप्ता महिना ६२,००० रुपये. तुमचा आजचा पगार २८,००० आहे. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, म्हणून वडिलांचं घर अडकणार. ज्या घरात आई-वडील राहतात ते घर एका मास्टर्सच्या नोकरीवर टांगायचं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

तिथे काम करून फेडू, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. ताशी साडेबारा पौंड धरले तर आठवड्याला अडीचशे. त्यातून खोलीचं भाडं आणि किराणा सुटेल, शुल्क सुटणार नाही. आणखी एक गोष्ट तुमच्या विषयातल्या मुलांना हमखास नडते: घरोघरी जाऊन मुलांना कुराण शिकवण्याची रोख शिकवणी. तो स्वयंरोजगार ठरतो आणि विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. व्हिसासाठी पैसे दाखवतानाही घोळ होतो. उरलेलं शुल्क अधिक नऊ महिन्यांचा खर्च (१०,५३९ पौंड) सलग २८ दिवस खात्यात हवा. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जातो. शिवाय अभ्यासानंतरच्या कामाचा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचाच मिळणार आहे. इंग्लंड बाजूला ठेवा.

आता गोंबाक. तुमचा १४ लाखांचा अंदाज प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे. रिंगिट २२ रुपये धरला. शुल्काचे तुम्ही धरलेले ७ लाख तसेच ठेवतो. राहण्या-खाण्याला तुम्ही महिन्याला हजार रिंगिट धरलेत. विद्यापीठाच्या वसतिगृहात (तिथे त्याला महल्लाच म्हणतात) राहून कॅन्टीनमध्ये जेवलात तरी पुस्तकं, फोन, बस, कपडे धरून दीड हजार धरा. चोवीस महिन्यांचे ७.९ लाख. विद्यार्थी पास, त्याचं दरवर्षीचं नूतनीकरण, विमा, वैद्यकीय तपासणी, विद्यापीठाकडची अनामत यांना १ लाख. दोनदा जाऊन-येऊन तिकिटाचे ९० हजार. रिंगिट महागला तर म्हणून ९० हजार. झाले १७.७ लाख.

आणि एक ओळ तुमच्या कागदावर अजिबातच नाही: भाषा. इंग्रजीचा गुण अपुरा पडला, तर विद्यापीठाच्या सेल्पाड या भाषा केंद्रात आधी बसावं लागतं. अरबी लागणारे विषय निवडलेत तर अरबीचीही चाचणी असते. त्या सत्रांत राहण्याचा खर्च चालू, केंद्राचं शुल्क चालू, आणि पदवीच्या दिशेने एक पाऊलही पुढे पडत नाही. यासाठी २ लाख धरा. एकूण १९.७ लाख. तुमचे ११ आणि भावाचे ५ मिळून १६. पावणेचार लाख कमी पडतात, आणि ते कमी पडतील शेवटच्या सत्राच्या तोंडावर, जेव्हा बहुतेक खर्च झालेला असेल आणि परत येणं सगळ्यात महाग असेल.

म्हणून एक वर्ष थांबा. हे वर्ष वाया जाणारं नाही. पैशाच्या दृष्टीने ते तुमचं सगळ्यात कमाईचं वर्ष ठरू शकतं. आजच्या वेगाने त्यात दीड लाखांवर शिल्लक पडेल. इंग्रजीची परीक्षा देऊन हवा तो गुण मिळवलात, अरबी व्याकरण पक्कं केलंत, तर भाषेचे २ लाख खर्चातून निघतात. म्हणजे गरज १७.७ लाखांवर येते आणि हातात साडेसतरा लाखांच्या वर असतात. त्यातून जकात (साठलेल्या पैशातून दरवर्षी द्यायचं धार्मिक दान) वजा करा. परदेशासाठी बाजूला ठेवलेत म्हणून त्यावर जकात नाही असं धरू नका, आलिमांना विचारा. द्यायची झाली तर ११ लाखांवर अडीच टक्के म्हणजे २७,५०० रुपये, आणि ते आराखड्यात आधीच दिसायला हवेत. राहिलेली थोडी तूट वर्षभराच्या शिकवणीतून भरून निघेल.

त्या वर्षात तीन दारं ठोठवा. पहिलं महाराष्ट्र शासनाच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेशी उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती: २७ जागा, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये. इथेच मेख आहे. आयआययूएम या दोनशेत बसत नाही. क्वालालंपूरमधलंच मलाया विद्यापीठ मात्र पहिल्या शंभरात आहे आणि तिथे इस्लामी अभ्यासाची स्वतंत्र अकादमी आहे. म्हणून पुढच्या वर्षी तिथेही अर्ज करा. जागा शाखांप्रमाणे विभागलेल्या असतात, तेव्हा जाहिरातीत तुमचा विषय कोणत्या शाखेत मोडतो ते नीट वाचा. तुमचा पगार आणि वडिलांची पेन्शन मिळून किती होतं ते आज मोजा आणि तहसीलचा दाखला वेळेत काढा. 'पढो परदेश' ही केंद्राची व्याज अनुदान योजना बंद झालेली आहे. एजंट अजून तिचं नाव घेतात, ऐकू नका.

दुसरं तुर्किये सरकारची शिष्यवृत्ती. अर्ज मोफत, १० जानेवारी ते २० फेब्रुवारी, मास्टर्ससाठी वय ३० च्या आत. शुल्क, वसतिगृह, विमा, मासिक भत्ता, एकदाचं जाण्या-येण्याचं तिकीट आणि तुर्की भाषेचं एक वर्ष, सगळं त्यात येतं. तिथल्या इलाहियात म्हणजे धर्मशास्त्राच्या विद्याशाखांत (अंकाराची १९४९ पासूनची) धर्मशिक्षण हा स्वतंत्र विभागच आहे. पगार तीन वर्षं बुडेल, पण बचतीला धक्का लागणार नाही. तुमच्या वयाला ही संधी फार तर एक-दोनदाच आहे, या जानेवारीत चुकवू नका.

तिसरं दार घराजवळचं. जामिया मिल्लिया किंवा अलीगढला एम.ए. इस्लामिक स्टडीज करून 'अरब कल्चर अँड इस्लामिक स्टडीज' या विषयात नेट (प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा). कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, म्हणजे तुमच्या आजच्या पगारापेक्षा जास्त. पण तिची सर्वसाधारण वयोमर्यादा ३० आहे, तुम्हाला सवलत लागू होते का ते आधी पाहा. भारतात प्राध्यापकी करायची असती, तर मी हेच पहिलं सांगितलं असतं. परदेशी मास्टर्सची समकक्षता आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या नियमांप्रमाणे घ्यावी लागते, आणि इथल्या शाळेत त्या पदवीने पगाराची श्रेणी बदलेल असं गृहीत धरू नका.

तुमचं लक्ष्य आखातातलं आहे, म्हणून परतफेड तिथल्या पगारावर तपासू. १७.७ लाख खर्च आणि दोन वर्षांचा बुडालेला पगार ६.७ लाख, मिळून साडेचोवीस लाखांच्या आसपास. ते पाच वर्षांत भरून यायचे तर आजच्यापेक्षा महिन्याला जवळपास ४१,००० रुपये जास्त मागे पडले पाहिजेत. अमिरातीत खासगी शाळांनाही मुस्लिम विद्यार्थ्यांना इस्लामी शिक्षण शिकवणं बंधनकारक आहे, आणि बिगर-अरब मुलांचे वर्ग इंग्रजीतून चालतात, तेव्हा जागा असतात. तरी शाळांच्या प्रत्यक्ष जाहिराती घ्या, पगार, घरभाडं आणि विमा लिहून काढा, आणि हातात ४१,००० उरतात का ते बघा. उरत नसतील तर मला पुन्हा लिहा.

पैसे पाठवण्याबद्दल. एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे परदेशी पाठवताना बँक आधीच वसूल करते तो कर) कापला जात नाही. गोंबाकचं शुल्क सत्रागणिक भरायचं आहे, तेव्हा दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागून पाठवलंत तर कपातच होणार नाही. बँकेत पैसे पाठवताना भरायच्या फॉर्म ए-२ वर उद्देशाचा कोड शिक्षणाचा, एस ०३०५, असल्याची खात्री करा. नातेवाइकांच्या निर्वाहाचा कोड पडला आणि रक्कम मर्यादेबाहेर गेली, तर कपातीचा दर बराच चढा असतो. ही बचत या वर्षात शेअरच्या फंडात टाकू नका, शरियतीप्रमाणे चालणारा असला तरीही. बारा महिन्यांत लागणारा पैसा बाजारात पंधरा टक्के खाली आला तर थांबायला वेळ नसतो.

भावाचे ५ लाख बँकेतूनच घ्या. २० हजार किंवा त्याहून मोठं कर्ज रोखीने घेतलं तर तेवढाच दंड बसू शकतो. आणि कागद करा: रक्कम, तारीख, बिनव्याजी असल्याचा उल्लेख, नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी परतफेड सुरू, दोन साक्षीदार. सख्ख्या भावाकडून काय लिहून घ्यायचं, असा संकोच वाटेल. पण सूरह बकराची २८२ वी आयत कर्ज लिहून ठेवायलाच सांगते, हे तुम्ही मुलांना शिकवत असाल.

निघण्यापूर्वीची दोन कामं. मलेशियात पोचल्यावर सात दिवसांत वैद्यकीय तपासणी असते. त्यात नापास झालं तर पास मिळत नाही आणि परत यावं लागतं. छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या रत्नागिरीतच आधी करून घ्या, शुल्क भरण्याच्या आधी. आणि अभ्यासक्रमाची पद्धत कोर्सवर्क किंवा मिश्र निवडा. फक्त प्रबंधाची पद्धत सुरुवातीला स्वस्त दिसते, पण मार्गदर्शकाच्या वेळेवर अवलंबून असते; एक सत्र वाढलं की शुल्क, पास आणि राहणं मिळून लाख-दीड लाख जातात.

पदवी हातात आली की तिथून निघण्याआधीच पुत्राजायाच्या विस्मा पुत्रा म्हणजे परराष्ट्र मंत्रालयातून आणि मग क्वालालंपूरच्या अमिराती दूतावासातून तिचं साक्षांकन (पदवी खरी असल्याचा शिक्का) करून घ्या. हे काम खेडला आल्यावर करायला गेलात तर कागद पुन्हा मलेशियालाच पाठवावे लागतात. बी.ए. आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रांचं साक्षांकन मात्र भारतातूनच होतं, ते या थांबलेल्या वर्षात उरकून टाका.