सिझेरियनला सहा आठवडे झाले तरी कंबर दुखते, हे पाठीतल्या इंजेक्शनमुळे का?

बहुधा नाही, सुई टोचलेली जागा साधारण काही दिवस हुळहुळते, आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या दुखण्याचं कारण सहसा वेगळं असतं. गरोदरपणात पोटाचे स्नायू ताणले जाऊन सैल पडतात, त्यात टाके ओढतील या भीतीने आपण पुढे वाकून चालतो आणि सगळा भार कमरेवर येतो. त्यात भर घालतं ते दूध पाजताना बाळावर वाकून बसणं. आधी तेच बदला: पाठ नीट टेकवा, मांडीवर उशी घ्या आणि बाळाला छातीपर्यंत वर आणा, स्वतः खाली वाकू नका. पलंगावरून उठताना सरळ उठू नका; गुडघे वाकवून कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या रेट्याने उठा. रोज थोडं चाला. दुखणं निमूट सोसण्यापेक्षा वेदनाशामक गोळी बरी, फक्त अंगावर पाजत असल्याचं डॉक्टरांना सांगून घ्या. मात्र ताप, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.