समुद्र नसेना, उजनी आहे की!

प्रश्न : मी सोलापूरला बीएस्सी झूऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मरीन बायोलॉजी करायची इच्छा आहे पण पप्पा म्हणतात सोलापुरात कुठाय समुद्र, गुपचूप बीएड कर. मला पोहतापण येत नाही. फिशरीजला जाऊ का मरीनला? नोकरी मिळते का?
– एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : अगं, पप्पांना सांग आपल्याकडं उजनी आहे. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथनं धरणात येतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं, पाणी हिरवंगार होतं, मग रात्री उजेड नसला की तेच शेवाळ ऑक्सिजन ओढायला लागतं आणि मेलेलं कुजवणारे बॅक्टेरिया उरलासुरला संपवतात, म्हणून पहाटे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी. मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळते तिथला डेड झोन (ऑक्सिजन जवळजवळ संपलेला पट्टा) शोधून वाच, मूळ भानगड तीच आहे, वरनं खतं वाहून येतात नि खाली मासे गुदमरतात. उजनी नीट कळली तर समुद्राचं निम्मं पुस्तक कळलं असं मी तरी म्हणेन.

आत्ता काय करायचं तर सेकी डिस्क बनव, पाणी किती नितळ आहे ते मोजायला. 20 सेंमीची गोल चकती, काळे-पांढरे चार भाग, खाली वजन, वर खुणा केलेली दोरी, बास. चकती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. सेकी या इटालियन शास्त्रज्ञानं 1865 साली हे भूमध्य समुद्रात जहाजावरनं केलं होतं आणि अजून जगभर वापरतात! सिद्धेश्वर तलाव नाहीतर कंबर तलावावर परवानगी काढून दर आठवड्याला एकाच वेळेला माप घे, सोबत तापमान आणि पीएच. वर्षभराची अशी वही इंटरव्ह्यूत सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलते. जमलं तर उजनीच्या मच्छीमारांना विचार, चिलापी यायच्या आधी जाळ्यात काय काय लागायचं. चिलापी म्हणजे आफ्रिकेतली तिलापिया, आपल्याकडची नव्हेच.

फिशरीजचं मास्टर्स, म्हणजे मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था) वगैरे, ते मुख्यतः चार वर्षांचं बीएफएस्सी, म्हणजे फिशरीजची पदवी, केलेल्यांसाठी. शिरगाव (रत्नागिरी), उदगीर, नागपूरची कॉलेजं बारावीनंतरची, ती गाडी तुझी सुटली. तुझ्यासाठी मरीनला कोचीनचं कुसॅट विद्यापीठ, तमिळनाडूतल्या अण्णामलाई विद्यापीठाचं परंगीपेट्टई सेंटर, नाहीतर गोवा विद्यापीठ. पात्रता आणि प्रवेश परीक्षा त्यांच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकातच बघ, सीनियरनं सांगितलं म्हणून फॉर्म भरू नको.

नोकरीचं खरं सांगते, सुरुवातीला बहुतेक प्रोजेक्टवरची कामं, दोन-तीन वर्षांची, पर्मनंट जागा थोड्या. नेट-जेआरएफ (संशोधन फेलोशिपची देशपातळीवरची परीक्षा) निघाली तर पीएचडीला फेलोशिप मिळते आणि घरचा विरोधही आपोआप मऊ होतो (अनुभव आहे). स्टॅटिस्टिक्स टाळू नको, मुली झूऑलॉजी घेतात गणित चुकवायला आणि इथं येऊन अडकतात.

पोहणं शीक, पण त्यासाठी अडू नको. निम्म्याहून जास्त काम मायक्रोस्कोप आणि कॉम्प्युटरवरच असतं. होडीत मात्र लाइफ जॅकेटशिवाय पाय ठेवायचा नाही, सर म्हणाले तरी नाही. आणि बीएड पुढंही करता येतं, पप्पांना तेवढं सांगून टाक.