पुण्यातून दोन लहान मुलांसकट डोंगरात राहायला जायचंय, बजेट कमी आहे, पाचगणी की महाबळेश्वर?

खरं सांगू का, दोन्ही सोडा आणि वाई बघा. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये आहे, त्यामुळे बांधकामावर बंधनं आणि त्यात टुरिस्ट, म्हणजे भाडं परवडणारं मिळणं कठीणच. शिवाय महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, पावसाळ्याआधी लोक घरांच्या भिंतीसुद्धा गवताने नाहीतर प्लास्टिकने झाकतात, धुक्यात कपडे वाळत नाहीत, लहान पोरांना घेऊन चार महिने असं राहणं सोपं नाही हो.

वाई पसरणी घाटाच्या पायथ्याशी आहे, पाचगणी साधारण 12 किलोमीटर वर, कधीही जाता येतं. कृष्णेचा घाट, धोम धरण, पांडवगड, वैराटगड सगळं जवळच, रविवारी डबा घेऊन निघायचं बस. मराठी शाळा आहेत, बाजार आहे, मोठं काही दुखलं-खुपलं तर सातारा तासाभरावर. उन्हाळ्यात मात्र वाई तापते, पाचगणीसारखा गारवा मिळणार नाही, हे धरूनच चला.

घर विकत घ्यायची घाई नको, आधी जूनपासून भाड्याने राहून एक पावसाळा काढा, आणि घरून काम असेल तर त्याच घरात बसून इंटरनेट आणि लाईट किती टिकते ते बघा, नुसतं घरमालकाच्या शब्दावर नको.