पटावरचे प्रश्न : घड्याळ किती मिनिटांचं लावावं?

प्रश्न : शाळेत ४० लेकरांची एक दिवसाची बुद्धिबळ स्पर्धा घेतोय, सहा फेऱ्यांची. जिंतूर-पाथरीकडची मुलं संध्याकाळी सहाच्या एसटीनं परतणार. घड्याळं २० आहेत, पण डिजिटल आठच, बाकी चावीची. वेळ काय ठेवू?
– क्रीडाशिक्षिका, सेलू

उत्तर : मॅडम, आधी एसटी बघा, मग मिनिटं ठरवा. पत्रिकेत उद्घाटन दहाला छापलं तरी पाहुणे येऊन, हार-नारळ होऊन पहिली चाल पडायला अकरा वाजतातच. आपल्या मराठवाड्यात पंचगिरी करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

हल्ली जो तो १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद मागतो, कारण जागतिक रॅपिड, म्हणजे जलद बुद्धिबळाची, स्पर्धा त्याच वेळेवर होते. साठ चालींचा डाव धरला तर एकेकाला २५ मिनिटं, म्हणजे पटावर ५०. लांबला की तास. त्यात जोड्या लावणं, जेवण, बक्षिसं. सहाची गाडी गेलीच समजा. शिवाय चावीच्या घड्याळात सेकंद वाढत नाहीत, आणि काही पटांना वाढ, काहींना नाही, हा दुजाभाव कुठलाच पालक ऐकून घेणार नाही.

तुम्ही सरसकट २० मिनिटं ठेवा, वाढीव सेकंद नकोत. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, हिशेबात हे रॅपिडच. फेरी चाळीस मिनिटांत आटोपते, पंचेचाळिसाव्या मिनिटाला पुढची लावता येते. मधे अर्धा तास जेवणाला दिला तरी चारपर्यंत मोकळे.

खरी ओढाताण शेवटच्या दोन मिनिटांत होते. एकाकडे हत्ती जास्त, पण घड्याळात चाळीस सेकंद. समोरचा नुसत्या चाली करत बटण आपटतोय. यावर फिडेच्या नियमावलीत सोय आहे, फक्त ती लागू राहील हे आधी जाहीर करावं लागतं. दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला खेळाडू आपल्या चालीच्या वेळी पंचाकडे दोघांनाही दर चालीला पाच सेकंद वाढ मागू शकतो. ही मागणी म्हणजेच बरोबरीचा प्रस्ताव. समोरच्यानं तो नाकारला आणि पंचाला मागणी पटली, तर वाढ लावायची, समोरच्याला दोन मिनिटं जादा द्यायची आणि डाव पुढे चालू. म्हणून डिजिटल घड्याळं खालच्या, म्हणजे कमी गुणांच्या जोड्यांच्या, पटांवर ठेवा. तिथले डाव बहुधा लवकर उरकतात, मग घड्याळ उचलून वरच्या पटावर न्यायचं. सेल आदल्या दिवशीच बदला.

आणि समोर एकटा राजा उरला असेल तर तुमचा फ्लॅग पडूनही, म्हणजे वेळ संपूनही, डाव बरोबरीतच सुटतो, हे सकाळीच माइकवरून सांगा. पालकांची निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची. मोबाइलवर दिवसभर एक-एक मिनिटाचे डाव खेळते. मोठ्या स्पर्धेत ९० मिनिटं अधिक ३० सेकंदांचा डाव हरली तेव्हा तिच्या घड्याळात ९५ मिनिटं शिल्लक होती! बोललं की म्हणते, दिव्या देशमुखही जलद डावातच जिंकली.
– एक पालक, अंबाजोगाई

उत्तर : नव्वदाचे पंच्याण्णव झाले म्हणजे पोरगी सरासरी तीस सेकंदही विचार करत नाही. दिव्याचं म्हणाल, तर जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत ती आणि कोनेरू हंपी आधी दोन क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव खेळल्या. ते बरोबरीत सुटले म्हणून जलद डाव आले, आणि तेही १५ अधिक १० चे. एक मिनिटाचे नव्हेत. हे तिला सांगा.

मोबाइल हिसकावू नका, त्यानं काही होत नाही. त्यावरच १५ अधिक १० लावून द्या, रोज दोनच डाव. मोठ्या डावात चाल लिहिली की शेजारी आपल्या घड्याळातला उरलेला वेळ लिहायला लावा. नियमाला ते चालतं. मात्र आधी चाल खेळायची, मग लिहायची. अशी तीन डावांची पानं झाली की पाठवा, कुठल्या चालीपासून घाई सुरू होते ते बघू.